ध्वनिक प्रत्याभरण (चर्चमधील ध्वनिवर्धन)

मायक्रोफोनने टिपलेला आवाज विवर्धकातून मोठा होऊन स्पीकरद्वारे बाहेर पडतो. तोच आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून चक्राकार वाढत जातो आणि अखेरीस एका सुरातील सलग शिट्टी, कर्कश किंकाळी किंवा घुमणारा हुंकार निर्माण होतो. या क्रियेला ध्वनिक प्रत्याभरण असे म्हणतात. बोलीभाषेत 'माइक शिट्टी मारतो' किंवा 'माइक ओरडतो' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन अब्सालोन लार्सन (१८७१–१९५७) यांच्या नावावरून या क्रियेला लार्सन परिणाम असेही म्हटले जाते.

सभागृह, नाट्यगृह किंवा शाळेचे पटांगण अशा कोणत्याही ठिकाणी ही अडचण उद्भवू शकते. पण चर्चमधील उपासनेत ती विशेष त्रासदायक ठरते. उंच छत, दगडी वा चुनेगच्ची भिंती आणि फरशीची जमीन यांमुळे तेथे आवाज बराच काळ घुमत राहतो. मायक्रोफोन एकाहून अधिक असतात. बोलणारे बहुतेक जण धंदेवाईक वक्ते नसतात आणि मिक्सरवर बसणारी व्यक्तीही सहसा हौशी स्वयंसेवक असते. शिवाय उपासनेत शांततेचे क्षण मुद्दाम राखलेले असतात. अंत्यविधीच्या प्रार्थनेत उठलेली शिट्टी ऐकणाऱ्यांना जशी खुपते, तशी ती जाहीर सभेत खुपत नाही. तरीही शिट्टीपेक्षा मोठे नुकसान शिट्टीच्या धास्तीने होते. एकदा फजिती झाली की आवाज कायमचा कमी ठेवला जातो आणि मागच्या बाकांवरील वृद्धांना वाचन किंवा प्रवचन कळेनासे होते. त्यामुळे शिट्टी बंद करणे एवढेच प्रत्याभरण रोखण्याचे उद्दिष्ट नसते. शिट्टीविना पुरेसा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवणे हे खरे उद्दिष्ट असते.

पार्श्वभूमी

विजेवर चालणारी ध्वनिवर्धन यंत्रणा येण्यापूर्वी चर्चमध्ये आवाज पोहोचवण्याचे काम वास्तुरचनेवर सोपवलेले असे. उंचावरील प्रवचनपीठ आणि त्यावरचे लाकडी छत हे त्याचे परिचित उदाहरण आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत असे कोरीव प्रवचनपीठ आजही पाहता येते. वर जाऊन विरून जाणारा आवाज छतामुळे लोकांकडे वळतो. या उपायात विवर्धन नसल्याने प्रत्याभरणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्याभरणाचा अनुभव मात्र ध्वनिवर्धनाइतकाच जुना आहे. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नापा येथे मायक्रोफोन आणि ध्वनिक्षेपक जोडून प्रयोग केले. कर्णा आणि मायक्रोफोन एकाच खोलीत असताना यंत्रणा किंचाळू लागली, म्हणून त्यांनी कर्णा छपरावर नेला. स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्यातील अंतर वाढवणे हा या व्याधीवरचा पहिला उपचार होता आणि आजही तो पहिलाच मानला जातो. जेन्सनही लार्सनप्रमाणे जन्माने डॅनिश होते, हा निव्वळ योगायोग.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये ध्वनिवर्धनाची गरज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वाढली. ४ डिसेंबर १९६३ रोजी या परिषदेने उपासनाविधीविषयीचे संविधान जाहीर केले आणि लोकभाषांतील उपासनेला वाट मोकळी झाली. त्यापूर्वी मिस्साविधी लॅटिनमध्ये होत असे आणि त्यातील काही भाग धर्मगुरू मंद स्वरात म्हणत. लोकांकडे तोंड करून, लोकांच्या भाषेत विधी होऊ लागल्यावर प्रत्येक शब्द ऐकू येणे अपेक्षित झाले. वसईसारख्या भागात मराठीतून होणारे मिस्साविधी ही याच बदलाची फलश्रुती होय. प्रोटेस्टंट परंपरेत प्रवचन आरंभापासूनच केंद्रस्थानी असल्यामुळे तेथे ही निकड निराळ्या वाटेने आली.

कार्यकारणभाव

मायक्रोफोन, मिक्सर, विवर्धक, स्पीकर आणि पुन्हा मायक्रोफोनपर्यंतची हवा हे सारे मिळून एक बंद चक्र तयार होते. चक्राची एक फेरी पूर्ण करून परतलेला आवाज मूळ आवाजापेक्षा क्षीण असेल, तर तो लवकरच विरतो. तो मूळ आवाजाइतका किंवा त्याहून मोठा असेल आणि त्याच कलेत परतला, म्हणजे लाटेच्या शिखरावर शिखर पडले, तर आवाज फेरीगणिक वाढतो. स्पीकरपासून मायक्रोफोनपर्यंतचे अंतर ३.४ मीटर मानल्यास आवाजाला तेथे पोहोचण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. दर फेरीला अवघ्या १ डेसिबलची वाढ होत असली, तरी सेकंदाला सुमारे १०० फेऱ्या होत असल्याने अर्ध्या सेकंदात ती ५० डेसिबलवर जाते. म्हणूनच शिट्टी अचानक फुटल्यासारखी वाटते. विवर्धकाची क्षमता संपली की ही वाढ थांबते. तोवर स्पीकरमधील उच्च स्वरांचे नाजूक एकक जळण्याचीही भीती असते.

वरील उदाहरणात कलेची अट साधारण दर १०० हर्ट्झला पूर्ण होते. म्हणजे शिट्टीसाठी अनेक वारंवारता 'उमेदवार' असतात. त्यांपैकी जिथे चक्राचे एकूण वर्धन सर्वाधिक, ती वारंवारता आधी डोके वर काढते. मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्या प्रतिसादातील उंचवटे, तसेच खोलीतील परावर्तने यांवर ते वर्धन अवलंबून असते. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो (२० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ मीटर जास्त). त्यामुळे सकाळच्या थंड चर्चमध्ये शोधून दाबलेली वारंवारता दुपारच्या लग्नविधीत जराशी सरकलेली आढळू शकते.

प्रत्यक्ष शिट्टी होण्याआधी यंत्रणा इशारा देते. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटू लागतो आणि शब्द संपल्यावरही एखादा सूर क्षणभर रेंगाळतो. या अवस्थेत शिट्टी नसली तरी व्यंजनांची स्पष्टता गेलेली असते. म्हणून शिट्टीच्या उंबरठ्यापासून सुमारे ६ डेसिबल खाली राहण्याचा संकेत ध्वनितंत्रज्ञ पाळतात.

अंतरांचा हिशेब

यंत्रणेकडून शिट्टीविना किती वाढ मिळू शकेल, याचा अंदाज चार अंतरांवरून बांधता येतो. वक्त्यापासून शेवटच्या श्रोत्याचे अंतर आणि मायक्रोफोनपासून स्पीकरचे अंतर यांचा गुणाकार करावा. त्याला स्पीकरपासून श्रोत्याचे अंतर आणि वक्त्यापासून मायक्रोफोनचे अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. येणाऱ्या संख्येच्या दशमान लॉगरिथमला २० ने गुणले की उत्तर डेसिबलमध्ये मिळते. त्यातून वर सांगितलेले ६ डेसिबल वजा करायचे असतात.

एका मध्यम आकाराच्या चर्चचे उदाहरण घेता येईल. शेवटचा श्रोता वक्त्यापासून १५ मीटरवर, स्पीकर मायक्रोफोनपासून ५ मीटरवर, श्रोता स्पीकरपासून १२ मीटरवर आणि वाचकाचे तोंड मायक्रोफोनपासून ३० सेंटिमीटरवर आहे. हिशेब सुमारे २६ डेसिबल येतो. ६ वजा जाता २० उरतात. शेवटच्या श्रोत्याला वाचक ३ मीटरवर उभा असल्यासारखे ऐकू यावे, अशी अपेक्षा ठेवल्यास सुमारे १४ डेसिबलची वाढ लागते. म्हणजे यंत्रणा आरामात काम करते.

आता तोच वाचक संकोचाने मागे सरकला आणि अंतर ६० सेंटिमीटर झाले, तर ६ डेसिबल जातात. उरतात १४, म्हणजे जेमतेम गरजेपुरते. यंत्रणेत काडीचाही बदल झालेला नसतो. वाचक फक्त एक पाऊल मागे गेलेला असतो. त्यात वेदी, वाचनपीठ, गायकवृंद आणि तबला असे एकूण चार मायक्रोफोन एकाच वेळी खुले असतील, तर आणखी ६ डेसिबल घटतात, कारण खुल्या मायक्रोफोनची संख्या दुप्पट होण्यागणिक उपलब्ध वाढ सुमारे ३ डेसिबलने कमी होते. उरलेल्या ८ डेसिबलमध्ये शेवटचा बाक ऐकू शकत नाही. मिक्सरवरचा स्वयंसेवक मग फेडर वर सारतो आणि शिट्टी वाजते. दोष बहुधा त्याच्या माथी मारला जातो. हिशेब मात्र वाचकाच्या त्या एका पावलाकडे आणि विनाकारण उघड्या राहिलेल्या तीन मायक्रोफोनकडे बोट दाखवतो.

हा हिशेब मोकळ्या जागेसाठीचा आहे. निनाद असलेल्या इमारतीत एका ठराविक अंतरापलीकडे स्पीकरचा थेट आवाज कमी आणि परावर्तित आवाज जास्त असतो. या अंतराला क्रांतिक अंतर म्हणतात. ६,००० घनमीटर घनफळ आणि ४ सेकंद निनादकाल असलेल्या चर्चमध्ये सर्व दिशांना सारखा आवाज फेकणाऱ्या उगमासाठी ते सव्वादोन मीटरही भरत नाही. त्यापलीकडे स्पीकर आणखी दूर नेऊन फारसा फायदा होत नाही. तेथे स्पीकरची दिशा आणि इमारतीचे ध्वनिशोषण यांना महत्त्व येते.

इमारत

बंदिस्त जागेत आवाज किती काळ घुमतो, याचे गणित अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस क्लेमंट सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. त्यांच्या सूत्रानुसार घनफळाला (घनमीटर) ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने (चौरस मीटर) भागले की निनादकाल सेकंदांत मिळतो. सॅबिन यांनी शोषणाचे माप म्हणून उघडी खिडकी घेतली होती, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. कोकणपट्टीतील जुन्या चर्चची मोठी दारे-खिडक्या उपासनेच्या वेळी सताड उघडी असतात आणि नकळत हेच काम करतात. वातानुकूलनासाठी त्या काचेने बंद केल्यावर 'पूर्वी माइक असा ओरडत नव्हता' अशी तक्रार आली, तर ती निराधार मानता येत नाही. उलट बाजूही आहे. दारे उघडी ठेवून छताचे पंखे पूर्ण वेगाने फिरत असतील, तर त्यांच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि वाचलेले डेसिबल तिथे खर्ची पडतात.

माणसे हेही एक प्रभावी ध्वनिशोषक आहे. कपड्यांसह बसलेली एक व्यक्ती मध्यम वारंवारतांना साधारण अर्धा चौरस मीटर शोषण पुरवते. वरील ६,००० घनमीटरच्या चर्चमध्ये ४ सेकंद निनादकालासाठी सुमारे २४० चौरस मीटर शोषण असते. त्यात ४०० माणसे बसली की ते सुमारे ४४० होते, निनादकाल सव्वादोन सेकंदांच्या आसपास उतरतो आणि घुमणाऱ्या आवाजाची पातळी अडीच डेसिबलने घटते. म्हणून शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये बसवलेली पातळी रविवारी सुरक्षित असते. पण भरलेल्या रविवारी वाढवलेली पातळी सोमवारी वीस माणसांच्या प्रार्थनेसाठी तशीच ठेवली, तर शिट्टी उठू शकते.

मायक्रोफोन आणि स्पीकर यांची मांडणी

सर्व दिशांचा आवाज सारखा टिपणारा मायक्रोफोन स्पीकरचा आवाजही तितक्याच तत्परतेने टिपतो. म्हणून स्थिर मायक्रोफोन शक्यतो एकदिशिक वापरतात. एकाच ध्वनिग्राही घटकाचा एकदिशिक मायक्रोफोन बेंजामिन बाउअर यांच्या संशोधनातून शुअर या अमेरिकी कंपनीने १९३९ मध्ये बाजारात आणला. त्याच्या संवेदनशीलतेचा आलेख हृदयाच्या आकाराचा असून नेमक्या मागच्या बाजूने (१८० अंश) तो जवळजवळ बहिरा असतो. वक्त्यासमोर जमिनीवर ठेवलेला मॉनिटर स्पीकर या बहिऱ्या बाजूला असावा लागतो. सुपरकार्डिऑइड प्रकारात ही जागा मागे नसून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे तिरकस बाजूंना असते. मायक्रोफोनचा प्रकार बदलून मॉनिटर मात्र जुन्या जागी ठेवला, तर महागड्या मायक्रोफोननेही शिट्टी वाढते.

एकदिशिक मायक्रोफोनची दिशा ओळखण्याची क्षमता जाळीच्या मागील छिद्रांवर अवलंबून असते. गायकांप्रमाणे जाळीला मुठीत धरले की ही छिद्रे बंद होतात आणि मायक्रोफोन सर्वदिशिक बनतो. शिट्टी ऐकून घाबरलेला माणूस नेमके हेच करतो, मायक्रोफोनवर हात ठेवतो, आणि शिट्टी आणखी चढते.

वेदीवरील मायक्रोफोनची अडचण वेगळी असते. धर्मगुरूंचे हात पुस्तक, ताट आणि पेला यांत गुंतलेले असतात, म्हणून मायक्रोफोन दूर ठेवावा लागतो. त्यातच संगमरवरी वेदीच्या पृष्ठभागावरून परावर्तित आवाजही त्यात शिरतो. वेदीच्या पृष्ठभागावरच टेकवलेला चपटा मायक्रोफोन किंवा कानावर अडकवून गालापाशी येणारा छोटा मायक्रोफोन हे त्यावरचे उपाय होत. गालाजवळचा मायक्रोफोन सर्वदिशिक असला तरी तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असल्याने हिशेबात तो भरपूर फायद्यात राहतो. झग्यावर छातीशी लावलेल्या मायक्रोफोनला हा फायदा मिळत नाही.

बिनतारी मायक्रोफोन लावलेला धर्मगुरू किंवा पाळक प्रवचन करताना लोकांमध्ये उतरला, बाप्तिस्म्यासाठी दाराजवळच्या कुंडापाशी गेला किंवा मिरवणुकीत चालू लागला, की तो स्पीकरच्या पुढ्यात येतो. स्पीकर मायक्रोफोनच्या मागे नव्हे तर पुढे, लोकांच्या बाजूला असावेत, हा नियम त्या क्षणी उलटतो. विधीचा क्रम मिक्सरवरील व्यक्तीला माहीत असेल, तर ती चालण्यापूर्वीच आवाज थोडा उतरवते.

स्पीकरच्या बाबतीत भिंतींना टांगलेली पेटीवजा जोडी हा सर्वांत प्रचलित, पण बऱ्याचदा सर्वांत गैरसोयीचा पर्याय असतो. स्तंभाकार स्पीकरमध्ये अनेक छोटे एकक उभ्या रांगेत असतात. त्यामुळे आवाज आडवा पसरतो, पण छताकडे व फरशीकडे कमी जातो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये पी. एच. पार्किन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी असे स्तंभ बसवले. दूरच्या स्तंभांना जाणारा आवाज फिरत्या चुंबकीय चाकाच्या साह्याने उशिराने सोडला जात असे, जेणेकरून तो वक्त्याच्या दिशेनेच येत असल्याचा भास व्हावा. आज हे काम डिजिटल यंत्र करते. लांब चर्चमध्ये पुढचा एक मोठा स्पीकर गरजवण्यापेक्षा खांबांवर जागोजागी छोटे, उशीर दिलेले स्पीकर लावणे श्रेयस्कर ठरते, कारण स्पीकर श्रोत्याजवळ जातो आणि मायक्रोफोनपासून दूर.

मराठी उपासनेतील वाद्यमेळ

मराठी ख्रिस्ती उपासनेत पेटी, तबला, ढोलक आणि टाळ यांच्या साथीने गायन होते आणि ना. वा. टिळक यांच्या काळापासून ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही आहे. कीर्तनकार जागच्या जागी उभा राहत नाही, हे ध्वनिव्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे. पेटीचा भाता आणि स्वरपट्ट्या यांच्याजवळ मायक्रोफोन नेला तर वर्धन कमी लागते. पण एकच मायक्रोफोन पेटी आणि गायक यांच्यामध्ये ठेवण्याची पद्धत आहे, त्यात दोघेही दूर पडतात. टाळांना मध्यम आकाराच्या चर्चमध्ये मायक्रोफोनची गरज नसते. गायकवृंदासाठी दोन मायक्रोफोन लावल्यास त्यांच्यातील अंतर प्रत्येकाच्या गायकापासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवावे, असा संकेत आहे. गायकवृंदाला स्वतःचा आवाज मॉनिटरमधून मोठा हवा असतो, आणि उपासनेतील बऱ्याच शिट्ट्यांचे मूळ या मागणीत असते. मॉनिटरमध्ये गायकांचा आवाज न सोडता फक्त पेटीचा सूर सोडला तर ही अडचण बरीच सुटते.

विद्युत उपाय

मांडणी सुधारल्यानंतरच विद्युत उपायांकडे वळावे, असे मानले जाते. बोलण्याच्या प्रत्येक मायक्रोफोनवर सुमारे १०० हर्ट्झखालचे स्वर गाळणारी कळ चालू केल्यास घुमणारा हुंकार कमी होतो आणि शब्दांचे काही बिघडत नाही. शिट्टीच्या वारंवारतेवर अरुंद पट्ट्यात आवाज कमी करण्याचे तंत्र १९६० च्या दशकात टेक्ससमधील सी. पी. बोनर यांनी रूढ केले. रिकाम्या चर्चमध्ये एकेक मायक्रोफोन हळूहळू वाढवत नेऊन पहिला रेंगाळणारा सूर शोधतात आणि समकारकावर तेवढाच सूर ३ ते ६ डेसिबलने उतरवतात. हे तीन-चार वारंवारतांपुरते केल्यास उपयोग होतो. पुढे प्रत्येक कापणीबरोबर आवाज पोकळ होत जातो आणि तो भरून काढण्यासाठी पुन्हा एकूण पातळी वाढवावी लागते. ३१ पट्ट्यांपैकी वीस पट्ट्या खाली ओढलेल्या दिसल्या, तर स्पीकर चुकीच्या जागी आहे असे समजण्यास हरकत नाही.

बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात वेगळी युक्ती सुचवली: परतणाऱ्या आवाजाची वारंवारता प्रत्येक फेरीत सुमारे ५ हर्ट्झने सरकवावी, म्हणजे तो एकाच शिखरावर साचत नाही. बोलण्यात हा फरक जाणवत नाही. पेटीच्या किंवा ऑर्गनच्या लांब सुरात मात्र कंप ऐकू येतो. शिट्टी आपोआप ओळखून दाबणारी डिजिटल यंत्रेही मिळतात, पण ऑर्गनचा किंवा बासरीचा धरलेला सूर आणि शिट्टी यांत ती कधी कधी गल्लत करतात. बोलणाऱ्याचाच मायक्रोफोन खुला ठेवून बाकीचे आपोआप उतरवणारा मिक्सर डॅन डुगन यांनी १९७० च्या दशकात विकसित केला. अननुभवी स्वयंसेवकांवर चालणाऱ्या चर्चसाठी हा उपाय इतर उपकरणांपेक्षा अधिक उपयुक्त आहे, कारण तो खुल्या मायक्रोफोनच्या मूळ दुखण्यालाच हात घालतो.

उपासना चालू असताना

शिट्टी उठताच सर्व आवाज बंद करणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. त्याने प्रार्थना मध्येच तुटते. शेवटी वाढवलेला फेडर ३ ते ६ डेसिबल खाली आणल्यास चक्र मोडते आणि बोलणे चालू राहते. कोणता मायक्रोफोन दोषी हे न कळल्यास, ज्यावर त्या वेळी कोणी बोलत नाही ते सर्व आधी बंद करतात. वाचकांना वाचनाआधी एकदा वाचनपीठावर उभे करून वीतभर अंतरावरून, तोंड मायक्रोफोनकडे ठेवून दोन वाक्ये वाचायला लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. उंची कमी असलेल्या मुलांसाठी मायक्रोफोनची मान आधीच वाकवून ठेवावी लागते. वाचनपीठावर पोहोचल्यावर मूल स्वतः ती वाकवत नाही, ते फक्त हळू आवाजात वाचते.

ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी सर्वांचा आवाज वाढवत नेणे हा शिट्टीकडे जाणारा मार्ग आहे. जमिनीखाली किंवा बाकांभोवती तारेचे वेटोळे टाकून श्रवणयंत्रांना थेट चुंबकीय संकेत पुरवण्याची व्यवस्था काही चर्चमध्ये असते. त्यात आवाज हवेतून जात नसल्याने चर्चच्या मायक्रोफोनशी चक्र जुळत नाही. श्रवणयंत्र स्वतः मात्र याच लार्सन परिणामाने कुईकुई करू शकते. कानातील साचा सैल बसला की आवाज बाहेर झिरपून यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये परततो आणि शेजारच्या बाकावरील माणूस चर्चच्या स्पीकरकडे वळून पाहतो.